दाराच्या फळीतलं भोक

आई, मांजरांचा अभ्यास करणारी माणसं असतात आणि त्या अभ्यासाला मार्जारशास्त्र म्हणतात, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, तरी इतकी वर्षं हा शब्द कानावरून गेला नव्हता. सावेडीतल्या फ्लॅटमध्ये एकटीच होते, तो दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिला. तू असतीस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस. "मांजराचं बी शास्तर असतंय व्हय?"

असतं. आणि त्यातलं निम्मं तुला येत होतं. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघताना तू घराला कुलूप घालायचीस, पण दाराच्या खालच्या फळीतल्या भोकात कोंबलेली चिंधी काढून ते मोकळं करायचीस, मांजरीसाठी. एका वर्षी मला ते पटलं नाही. इतके महिने ती एकटी काय खाईल, या काळजीनं मी तिला गुपचूप पोत्यात घातली आणि ट्रॅक्टरमध्ये भांड्यांच्या आड ठेवली. मिरजगावला ट्रॅक्टर चहाला थांबतो आणि पोतं रिकामं निघतं. मी रडतेय, मुकादम घाई करतोय. "आपोआप सुटलं," मी म्हणते. तू ज्वारीच्या रानाकडे तोंड करून हाका मारतेस, मग माझ्याकडे वळतेस. "अगं, तिला मानूस लागत न्हाई, घर लागतं. उंदरं हुती तिला तितं. तिचं घर तोडलंस तू."

परत आलो तेव्हा ती घरी नव्हती. तरी त्या भोकात तू मरेपर्यंत पुन्हा चिंधी कोंबली नाहीस. मला त्याचा राग यायचा, कारण माझी चूक तिथूनच रोज आत डोकवायची.

आता मी अशाच भोकांच्या मागे लागलेय. दर रविवारी तिसगावच्या बाजूला वस्त्यांवर जाते आणि तोडीला गेलेल्यांच्या बंद घरांतल्या मांजरींच्या नोंदी करते. कॉलेजात मला मांजरवाल्या बाई म्हणतात. म्हणेनात का! गेल्या रविवारी एका खिडकीतून पाहिलं, तर वाकळेवर मांजर आणि तिची तीन पिल्लं. घरच्या बाईला मोबाईलवर फोटो पाठवला, तसा उसाच्या फडातून तिचा लगेच फोन. "आवो बाई, जगली व्हय! आमी आशाच सोडली हुती." मागून तिची लेक विचारत होती, मांजर इकडं आणून देता का. मी म्हटलं, नको गं बाळा, तिला घर लागतं. तुम्ही या परत, ती असेल. तुझं वाक्य माझ्या तोंडून किती सहज आलं!

हे पत्र नोंदींच्या वहीतच राहील. तुला वाचता येत नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं. कारण एक सांगायचं राहून गेलंय. पोतं आपोआप सुटलं नव्हतं. ती आत फार ओरडत होती, म्हणून मीच गाठ सोडली. आपण आलो होतो त्याच रस्त्यानं ती मागे पळाली, आणि मी तिला हाक मारली नाही.