बोहनीचा भाव

अकोला, ता. ८ नोव्हेंबर १९४३

चि. भगवंतास सत्यभामेचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. अमरावतीची हवा तुला मानवली असेल. बढती मिळालेल्याला कुठलीही हवा मानवते. भाऊबीजेला मात्र आला नाहीस.

परवा गिरणीच्या फाटकावर कागद लागला. कामगारांच्या खर्चाचा आकडा सहा महिन्यांत फारसा चढला नाही, सबब महागाई भत्ता वाढणार नाही. हे घरी आले आणि अर्ध्या भाकरीवरून उठले. मला म्हणाले, "तुह्या भावाच्या आकड्यात महागाई नाई, मंग माह्या ताटात कुठून आली?"

काय सांगू त्यांना? तूच मला समजावलं होतंस. लढाईआधीचा खर्च शंभर धरायचा आणि तेच सामान आज कितीला पडतं ते पाहायचं. त्यासाठी दर सोमवारी तू सरकारी वहीत बाजारभाव टिपायचास; तीच दुकानं, तेच जिन्नस. भाजीसाठी तू माझं दुकान धरलंस. सकाळी सायकल टेकवून पहिला तूच यायचास. बोहनीचं गिऱ्हाईक, त्यातून पाठचा भाऊ! तुला मी वांगी दोन आणे शेर सांगायची. ऊन चढलं की तीच चार आण्यांनी विकायची, आणि बाया माझ्या नावानं बोटं मोडायच्या. तुझ्या वहीत मात्र दोनच आणे. ज्वारीचाही तू सरकारी कंट्रोलच्या दुकानातला भाव लिहिलास. त्या दुकानाला तर कुलूप होतं. बंद दुकानातली ज्वारी फार स्वस्त असते, बाबा!

आता लिहायचं टाळत होते ते लिहिते. मृगात मी तुला थांबवलं होतं. "भगवंता, हा बोहनीचा भाव हाये रे. खरा भाव लिही." तू हसलास. "बाई, सायेब खूश हाये. आकडा चढला तं मलेच इचारतीन. माही बढती होऊ दे, मंग लिहीन."

आणि मी गप्प बसले. भाऊ मोठा होतो आहे, एवढंच मला दिसलं. तू दसऱ्याला गेलास तोवर सोळा सोमवार मी जाणूनबुजून तोच भाव सांगितला. असलं व्रत कुणी केलं नसेल! गिरणीतल्या हजार घरांची भाकरी आपण दोघांनी काढून घेतली, आणि त्यातलं एक घर माझंच. तुझा राग येतो, त्याहून माझा येतो.

काल मी युनियनच्या नत्थुजींना सारं सांगून टाकलं. गुरुवारी चौकशीचा साहेब येतो आहे, माझा जबाब आहे. तुझं नाव घ्यावं लागेल. तुझी नोकरी जाईल हे मला कळतं. हेसुद्धा म्हणाले, "राहू दे, त्याचं पोरगं लहान हाये." मी ऐकलं नाही.

बुधवारच्या गाडीनं ये, आणि माझ्या आधी तूच सांग. आलास तर साहेबापुढे तुझ्या शेजारी उभी राहीन. नाही आलास तर तुझ्याविरुद्ध.

दोन्हीकडे तुझी बहीणच,
सत्यभामा