मी भरलेले कोरे फुगे

प्रिय बाबा,

आज शनिवार, मी शिकवते ती शाळा सकाळची होती. दुपारची अकोल्याची मोटार धरायला अकोटच्या स्टँडवर आले आणि भूक लागली म्हणून फुटाणे घेतले. फुटाणे संपले, पुडीचा कागद टाकायला हात वर केला आणि तो तसाच राहिला. कागदावर आपला बैल होता!

तोच, डाव्या शिंगाचं टोक मोडलेला. ज्या पानासाठी तुम्ही तीन वर्षं रद्दीचे गठ्ठे उपसलेत, ते पान. घरी येऊन हातपाय धुतले आणि लिहायला बसले. हे पत्र कुठल्याच पेटीत टाकता येणार नाही, मला कळतं. पण पान सापडलं हे तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

आल्या-मिरच्यांच्या पुड्या बांधायला तुम्ही रद्दी आणायचात. गठ्ठा सुटला की आधी साप्ताहिकातल्या बैलाच्या चित्रकथेची पानं बाजूला निघायची, मग गिऱ्हाईक. शेजारी बसणाऱ्या लिंबूवाल्या जिजामावशी चिडवायच्या, "मिरच्या सडून राहिल्या माळीबुवा, अन् तुमी कागद निवडून राहिले!" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "मिरच्या उद्याबी येतीन व बाई. हा बैल येईन का?"

रद्दीतून गोष्ट क्रमानं थोडीच येते? शेवट आधी आला, सुरुवात वर्षभरानं. तरी पत्र्याच्या पेटीत तुम्ही सगळी पानं बरोबर लावलीत, एक अक्षर न वाचता. जे पान मिळालं नाही तिथं त्याच मापाचा कोरा कागद ठेवायचात. "जागा राखून ठेवली," म्हणायचात.

मी शाळेत जायला लागले तशी तुम्हाला वाचून दाखवायची घाई करू लागले. तुम्ही हातानं पान झाकायचात. "थांब व बाई. आधी पाहून घेऊ." मला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटे. तुम्ही मात्र बैलाच्या पाठीवरच्या तीन बारीक रेघा दाखवायचात. "गोमाशी बसली की कातडं असंच थरथरते. या माणसानं बैल पाह्यला हाय." मी मान डोलवायची आणि डोळे फुग्याकडे, बैलवाल्याच्या तोंडातून निघालेल्या बोलण्याच्या गोल फुग्याकडे.

एकदा पाच पानं मांडून तुम्ही म्हणालात, "हा बैल दुसऱ्यानं काढला. याच्या पायावर वजन नाही." मी हसले होते. खाली नाव तर एकाच चित्रकाराचं होतं!

पुढे अमरावतीला कॉलेजात गेले तेव्हा कळलं, ते साप्ताहिक तिथंच छापतात आणि चित्रकथा काढणारे एका शाळेत ड्रॉइंगचे मास्तर आहेत. बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं. धीर करून त्यांच्या घरी गेले आणि तुमचं बोलणं सांगितलं. मास्तरांनी ब्रश खाली ठेवला. "मी तापानं पडलो होतो. ती पाच पानं माझ्या विद्यार्थ्यानं काढली. आजवर कुणाच्या ध्यानात आलं नाही. संपादकांच्यासुद्धा नाही. तुमचे वडील काय करतात?"

"मिरच्या विकतात," मी म्हणाले. बाबा, हे सांगताना मला पहिल्यांदाच लाज वाटली नाही.

त्यांनी कपाटातून एक जाड पुठ्ठा काढला. छापलेलं नव्हे, हातानं काढलेलं मूळ चित्र! बैल नदीकाठी उभा, बैलवाला त्याच्याशी बोलतोय. खाली पेन्सिलीच्या खुणा, चुकलं तिथं पांढऱ्या रंगाचे ठिपके. आणि फुगे कोरे. शब्द नंतर छापखान्यात बसवतात म्हणे. "हे त्यांना द्या," एवढंच मास्तर बोलले.

मी ते तसंच आणून तुमच्या हातात दिलं असतं तर!

पण मी पडले घरातली पहिली शिकलेली. कोरी जागा दिसली की ती भरायचीच, दुसरं काही शिकलेच नव्हते. वसतिगृहात बसून त्या पानावरचे पाठ झालेले शब्द माझ्या उत्तम अक्षरात, निळ्या शाईनं त्या फुग्यांत लिहिले. मोठे मोठे लिहिले. मनात होतं, निदान या बैलाच्या लोभानं तरी बाबा अक्षरं ओळखतील. पाटी पुढं केली की तुम्हाला झाडांना पाणी द्यायचं आठवायचं ना!

तुम्ही पुठ्ठा दारातल्या उजेडात धरलात. खूप वेळ पाहिलंत. "हे फुगे खालीच होते का व?"

"हो, कोरे होते. मी भरले."

"बरं केलं," म्हणालात. धोतराच्या धुतलेल्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलंत आणि पुन्हा कधी काढलं नाहीत. मला वाटलं, जपून ठेवलं.

दोन महिन्यांनी तुम्ही गेलात. चार दिवसांचा ताप, आणि मी पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं. तेराव्यानंतर आईनं पेटी माझ्यापुढे सरकवली आणि सांगून टाकलं, "ते म्हणत, त्या खाली फुग्यात मी रोज नवं बोललो असतो. बाईनं जागाच नाही ठेवली. पण तिले सांगू नको, लय हौसेनं लिहिलं पोरीनं."

काहून नाही सांगितलं बाबा? एकदा रागवायचं तरी! मिरच्या तुडवल्या म्हणून रागावत होतात, कापूस भिजवला म्हणून रागावत होतात. मग इथंच का इतकी माया केलीत?

मी दाढीच्या पात्यानं एक फुगा खरवडून पाहिला. शाई गेली नाही, कागद गेला. मास्तरांकडे घेऊन गेले. त्यांनी बोट फिरवून पाहिलं आणि मान हलवली. वरून पांढरा रंग दिला तरी खालची शाई वर येते म्हणे. माझी मान वर होईना. इतकं शिकून मला एक कोरी जागा परत आणता येत नाही.

आणि आजचं पान. मागच्या पानावर बैल बाजारात विकला जातो, पुढच्यावर तो पहाटे अंगणात उभा. मधलं हे. तुम्ही म्हणायचात, "खुराले चिखल पाह्य. नदी उतरून एकटाच आला तो." मी वाद घालायची, "असं कसं होईल? कुणीतरी मध्ये पडून सोडवून आणला असेल."

स्टँडवर ठरवलं, आज तुमच्यासारखं नुसतं पाहायचं. फुग्यांवर बोट ठेवलं. पण बोट पडायच्या आधीच डोळ्यांनी वाचून टाकलं होतं. मला आता न वाचता येतच नाही, बाबा. पाटलानं मध्यस्थी केली, असंच लिहिलंय. माझंच खरं निघालं. चारचौघांत रडू आलं मला.

तुमचीच गोष्ट चांगली होती.

तेव्हा एवढं कबूल करते. पेटीतला तुमचा राखलेला कोरा कागद मी त्याच्या जागेवरून हलवणार नाही. हे सापडलेलं पान सगळ्यांत मागे ठेवीन. उद्या सकाळी आईला पेटी उघडून द्यायची आहे. ती एकेक पान पाहील, आणि त्या कोऱ्या कागदापाशी आली की बैल नदी कसा उतरला ते तुमच्याकडून ऐकलंय तसं, तुमच्या शब्दांत सांगेल. मी ऐकेन. मध्ये बोलणार नाही.

तुमची,
बाई