भिंतीवर लावलेला दिवस

३ ऑगस्ट १९८६

दाढीच्या ब्रशावर आज यांनी टूथपेस्ट घेतली. गालाला फेस का येत नाही म्हणून माझ्यावर चिडले. मी ब्रश काढून घेतला, तोंड धुवायला लावलं आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिले. रडले नाही. रडून काय होणार?

एकतीस वर्षं गिरणीत टाइमकीपर. गेटवर बसून दोन हजार माणसं चेहऱ्यावरून ओळखायचे. बिल्ल्याचा नंबर बघायची गरज नाही. आणि आता आरशाखालचा ब्रश ओळखू येत नाही.

५ ऑगस्ट

डॉक्टरांकडे नेलं. “गेलेलं परत येत नाही, आजी. आहे ते जितके दिवस टिकेल तितके दिवस टिकवायचं. रोज तेच ते करून घ्या, डोळ्यांसमोर ठेवा.”

आजी म्हणे. मेमध्ये शाळेतून निवृत्त झाले, अठ्ठावन्न पुरी. अजून जिना न थांबता चढते.

८ ऑगस्ट

मस्कतहून प्रकाशचं पत्र. डिसेंबरात रजा मिळते आहे, महिनाभर. शेवटी एक ओळ – “बाबा मला ओळखणारच नसतील तर येऊन काय करू, आई? परवा फोनवर त्यांनी मला विचारलं, आपण कोण बोलताय?”

चार वर्षांनी येणारा एकुलता एक मुलगा, आणि यायचं की नाही हे बापाच्या डोक्यावर ठरणार.

पत्रासोबत फोटो. लाल गाडीला टेकून उभा, काळा चष्मा. यांना दाखवला. “हा कोण?” बराच वेळ बघून म्हणाले, “कोणीतरी श्रीमंत माणूस.”

लगेच उत्तर लिहिलं. दुसऱ्याच्या गाडीला टेकून काढलेले फोटो पुन्हा पाठवू नकोस. उठतोस कसा, जेवतोस कसा, कामाला जातोस कसा, ते पाठव. रोजचं पाठव. ये तू. ओळखतील. मी ओळखायला लावीन.

लिहून तर बसले.

१० ऑगस्ट

गेल्या रजेत प्रकाशने आणलेला यशिका कॅमेरा कपाटात टॉवेलात गुंडाळून पडला होता. सोबतचं पुस्तक दोनदा वाचलं.

शाळेत भूगोलाला तक्ते करायची तसंच करायचं. यांचा अख्खा दिवस – दात, चहा, दाढी, अंघोळ – एकेक फोटो काढून ओळीने भिंतीवर लावायचा. खाली शाईने वेळ. टाइमकीपरला वेळ कळते. खाली, दुसऱ्या ओळीत, प्रकाशचा दिवस. तक्त्याचा नियम एकच : एका चित्रात एकच गोष्ट. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलालाही पहिल्या नजरेत कळली पाहिजे.

१७ ऑगस्ट

रोल संपला. छत्तीस. तांब्या, बादली, नळ. हे चहा पिताना. हे बनियनची बाही शोधताना – तिसऱ्यांदा सापडली. दाढीचा फोटो अवघड गेला, आरशात मीच दिसत होते. शेवटी स्टुलाच्या मागे खाली बसून काढला. गॅसच्या शेगडीचा वेगळा. त्यावर लाल शाईची फुली मारणार आहे.

२५ ऑगस्ट

मुलुंडला राजारामच्या स्टुडिओत फोटो आणायला गेले. माझा जुना विद्यार्थी. पाकीट हातात ठेवताना त्याला हसू आवरेना.

“बाई, रागावणार नसलात तर विचारतो. बादलीचे तीन फोटो आहेत. बादलीचं लग्न ठरलंय काय?”

मी कारण सांगितलं. हसू गेलं त्याचं. मग एकेक फोटो काउंटरवर मांडून नीट बघत राहिला.

“हा बाल्कनीतला आहे ना, यात साहेबांच्या अंगावर तुमची सावली आलीय. ऊन पाठीमागे घेतलंत की असं होतं. आणि ह्याच्यात कोपऱ्यात अंगठा.”

“पुन्हा काढते.”

“राहू द्या की बाई, घरातलेच तर फोटो.”

राहू कशाला द्यायचं? अर्धवट काम मी मुलांचंही चालवून घेतलं नाही.

३१ ऑगस्ट

पहिली ओळ लागली. सहा दहाला दात, साडेसहाला चहा, सात वाजता दाढी. हे स्टूल घेऊन भिंतीसमोर बसले आणि घड्याळात बघून एकेक फोटोवर बोट ठेवत गेले. दाढीचा ब्रश बरोबर उचलला.

एक दिवस. उद्याचं उद्या.

१४ सप्टेंबर

प्रकाशचं पाकीट आलं. यात गाडी नाही.

लोखंडी पलंग, एकावर एक, असे तीन. त्याचा वरचा. लुंगी नेसून बादली घेऊन रांगेत उभा, समोर पाच जण. डबा. बसच्या खिडकीला टेकून झोपलेला. ड्रॉइंग बोर्डावर वाकलेला. रात्रीचं जेवण, जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून, डाळभात.

इतकी वर्षं लिहितो आहे, “कंपनीने खोली दिली आहे.” दिली आहे. सहा जणांत एक.

मान किती बारीक झाली आहे त्याची. हे त्याने लिहिलं नसतं आणि मीही विचारलं नसतं. चष्मा पुसला आणि फोटो चिकटवायला घेतले.

२२ सप्टेंबर

रोज दहा वाजता तास घेते. भिंतीसमोर.

“हा कोण?”

“प्रकाश.”

“काय करतोय?”

“बादली घेऊन उभा.”

“कुठे?”

“मस्कतात.”

“तुमचा कोण?”

इथे अडतात.

५ ऑक्टोबर

सगळं विसरले. प्रकाशच्या फोटोवर बोट ठेवून, “हा कापडखात्यातला. नंबर आठवत नाही.”

तास पुन्हा पहिल्यापासून.

१९ ऑक्टोबर

“तुमचा कोण?” – “मुलगो.”

मालवणीत. लग्नाला चौतीस वर्षं झाली, माझ्याशी कधी गावची भाषा बोलले नव्हते. मी गिरगावची, मला येत नाही म्हणून. आता ती माझ्या कानांना परक्या भाषेसारखी शिकावी लागेल.

पण मुलगो म्हणाले.

३ नोव्हेंबर

आजारात माणूस सभ्य झाला आहे. चहा दिला की “आभारी आहे” म्हणतात. काल विचारलं, “तुमचं जेवण झालं?” तुमचं! समोरच्या कुंदाला सांगितलं तर म्हणते, “नशीबवान आहात बाई. आमच्याकडे पाणीसुद्धा नुसतं बोटाने मागतात.”

२० नोव्हेंबर

चौथा रोल. भिंत भरत आली. बाल्कनीचा फोटो चौथ्यांदा काढला, आता सावली बिलकूल नाही. राजाराम म्हणाला, “बाई, तुम्ही आता माझ्या पोटावर पाय देणार.”

हे मात्र संध्याकाळी उगाच दाराशी जातात. कडी काढतात, जिन्यात वाकून बघतात. “कोण हवंय?” विचारलं की पुन्हा जिन्यात वाकतात. परत आणून बसवते.

६ डिसेंबर

प्रकाशची तार. चौदाला येतो.

आजच्या तासाला दहापैकी दहा. पण परीक्षेच्या दिवशी हुशार मुलगाच गप्प बसतो, हे किती वेळा पाहिलं आहे.

१४ डिसेंबर

लिहायला हवं.

प्रकाश सकाळी अकरा वाजता आला. बॅगा दारातच ठेवल्या, आत यायला घाबरत होता. हे स्टुलावर. वर बघितलं. मी मनात मोजत उभी. एक, दोन, तीन...

“प्रकाश,” म्हणाले. “बारीक झालंस रे. रांगेत नंबर लागता मा वेळेवर?”

प्रकाश तिथेच खाली बसला, यांच्या पायाशी, आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. हे त्याच्या केसांतून हात फिरवत होते. मी स्वयंपाकघरात गेले. चार महिन्यांत पहिल्यांदा ओट्याला धरून उभी राहिले. जमलं. जमवलं.

चहा घेऊन बाहेर येत होते. हे प्रकाशला हळूच सांगत होते. हळू म्हणजे मला ऐकू जाईल इतकं.

“ही बाई चांगली आसा. जेवण करता, कपडे धुता. पण तुझी आई खंय गेली, प्रकाश? किती दिवस झाले, दिसाक नाय.”

ट्रे सांडला नाही. टीपॉयवर ठेवला. कप सरळ केले.

१५ डिसेंबर

प्रकाशने चारही रोलची पाकिटं जमिनीवर पसरली. भिंतीवरचे धरून एकशे चाळीसच्या वर फोटो. एकेक करून बघितले, उजेडात धरून बघितले. मग जुना अल्बम. त्यात लग्नाचा एक, तोंडावर मुंडावळ्या. शाळेचा एक, मुलांच्या चौथ्या रांगेमागे, ठिपक्याएवढी.

“आई, तू कुठेच नाहीस गं.”

“कॅमेरा कोण धरणार होतं?”

“कुंदामावशीला सांगायचंस ना.”

“एका चित्रात एकच गोष्ट,” मी म्हटलं.

एक सापडला. कोपऱ्यात अंगठा आलेला. तो राजारामने रद्दीतला म्हणून वेगळ्या पाकिटात दिला होता.

सावलीचाही होता एक. तो मी फाडला होता.

१६ डिसेंबर

मीच शिकवलं. जे भिंतीवर आहे ते घरातलं, हे मीच चार महिने घोकून घेतलं. ते हुशार विद्यार्थी निघाले.

आभार मानत होते तेव्हा कळायला हवं होतं. चौतीस वर्षांत ज्याने कधी बायकोचे आभार मानले नाहीत, तो आता कोणाचे मानत होता?

३१ डिसेंबर

काल प्रकाशने माझा फोटो काढला. शाळेत जायची ती निळ्या काठांची साडी, खांद्याला पर्स, दारात उभी. ही त्याची कल्पना – “बाबांनी तुला रोज अशीच आत येताना पाहिलंय.”

“हस ना जरा.”

हसले नाही. इन्स्पेक्शनला उभी राहते तशी उभी राहिले.

राजारामने रात्रीत धुऊन दिला. पैसे घेतले नाहीत. मला ते आवडलं नाही, पण भांडले नाही.

२ जानेवारी १९८७

फोटो भिंतीवर मधोमध लावला. खाली वेळ काय लिहायची? प्रकाशने लिहिली – ५.३०. शाळेतून यायची माझी वेळ.

हे स्टूल ओढून बसले. मी शेजारी उभी. कितीतरी वेळ. मग चेहरा असा उजळला की मला बघवेना.

“ही माझी बायको.”

“हो,” मी म्हटलं. “कुठे असते?”

“शाळेत. साडेपाचाक येतली.” आणि माझ्याकडे वळून, अगदी समजुतीच्या सुरात, “तुमी त्याच्या आधी जावा हां. तिच्या भांड्यांक दुसऱ्या कोणी हात लावलेलो तिका चलत नाय. कडक आसा ती.”

प्रकाश बाल्कनीत निघून गेला.

१० जानेवारी

प्रकाश गेला. जाताना यांनी त्याला सांगितलं, “आई भेटलीच नाय तुका. चुकामूक झाली.”

प्रकाश माझ्या पायाला वाकला तेव्हा यांना बरं वाटलेलं दिसलं. बाईला मान दिला म्हणून.

१३ जानेवारी

साडेपाचला दाराशी जाऊन उभे राहतात. सात वाजेपर्यंत. बसा म्हटलं तरी बसत नाहीत. पाय सुजतात. मी आत भांडी घासत असते. आवाज न करता.

१५ जानेवारी

फोटो काढून टाकावा का?

काढला. यांनी सगळं घर शोधलं. गादीखाली, पिठाच्या डब्यात. मला विचारलं नाही. माझ्याकडे फक्त बघितलं – चोराकडे बघतात तसं. परत लावला.

१६ जानेवारी

सात वाजेपर्यंत.

१७ जानेवारी

आज सव्वासात. कुंदा म्हणाली, “बाई, किती दिवस असं बघत राहणार?” मी म्हटलं, नाटकं मला शाळेच्या गॅदरिंगमध्येही जमली नाहीत.

१९ जानेवारी

पाचला यांना सांगितलं, “निघते मी. उद्या सकाळी येईन.” म्हणाले, “आभारी आहे.” कुंदाला त्यांच्याजवळ बसवलं. तिच्या घरी जाऊन निळ्या काठांची साडी नेसले, पर्स घेतली. नाहूरच्या रेल्वे फाटकापर्यंत गेले आणि परत फिरले. जिना आज थांबत चढले. बेल वाजवली.

यांनीच दार उघडलं. आधी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

“इलंस?” म्हणाले. “दोन मिनिटां लेट.”