कपाटापलीकडचा वर्ग

१८ ऑगस्ट, सोमवार

परत तेच. टेबलावर डस्टर आपटून आपटून हात दुखला, सातवीचा बाजार काही थांबला नाही. आणि तिकडे तिसरी चिडीचूप! दोन वर्गांत भिंत नाही, एकाच मोठ्या खोलीत मधोमध लोखंडी कपाटं उभी केली आहेत. पलीकडे शिकवते कोण? आमची सौ. — शालू.

मीच आणली. ती तिकडे चिखल्याच्या शाळेत, मी इकडे लाखांदूर तालुक्यात, असं किती वर्षं राहायचं — म्हणून पती-पत्नी एकत्रीकरणाचा अर्ज मीच भरला. ऑर्डर आली तेव्हा शाळेत पेढे वाटले. आता वाटतं, घाई केली.

१९ ऑगस्ट

माझ्याच बायकोचा हेवा वाटतो. हे बोलणार कोणाजवळ? म्हणून इथे.

२५ ऑगस्ट, सोमवार

मुख्याध्यापिका सुलोचनाबाई आज दोन्ही वर्ग पाहून गेल्या. नेमका तेव्हाच माझा निकेश बाकावर चढून खिडकीबाहेरच्या बकऱ्या हाकलत होता. मी असा ओरडलो की बकऱ्याही पळाल्या. पलीकडे शालूची पोरं मान खाली घालून लिहीत बसलेली.

सुट्टीत म्हणतात, "कैलाश सर, राग नका मानू. दिवाळीनंतर सातवी शालू मॅडमले देऊन पाहू का? तुम्ही तिसरी घ्या."

सातवी! नोकरीला लागलो तेव्हापासून माझी आहे. माझ्या हातची पोरं आज जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरीला आहेत. आणि मी आता तिसरीला पाढे शिकवू? तेही बायकोपुढे हरून?

डब्यात पातोडी होती. चांगली झाली होती. सांगितलं नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

शेवटी विचारलं. जेवताना, सहज विचारल्यासारखं — तू पोरांना असं काय सांगतेस, की ती एवढी गप्प बसतात?

"काही नाही."

काहीतरी असेलच ना.

"काही नाही म्हटलं ना जी. भात वाढू का?"

लपवते. नवऱ्यापासून!

३ सप्टेंबर

कपाटांच्या फटीतून पाहिलं. लाज वाटली, पण पाहिलं. शालू तोंडातून शब्द काढत नाही. फळ्यावर लिहिते, एक बोट वर करते, की सगळ्या पाट्या वर. जळून गेलो.

दुपारी मीही सातवीपुढे बोट वर करून उभा राहिलो. खुशबू पहिल्या बाकावरून म्हणते, "सर, तुमाले एकीले जाचं आहे का?" वर्ग लोटपोट. मग ओरडलोच.

११ सप्टेंबर, गुरुवार

घसा बसला. पार गेला. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर तोंड उघडू नका.

१२ सप्टेंबर

फळ्यावर गणितं लिहिली आणि खुर्चीत बसलो. दुसरं करणार काय? सातवी थोडा वेळ कुजबुजली, मग आपोआप गप्प झाली. पलीकडचं ऐकत होती. तिसरीत नुसता कल्ला! पोरं बाकं बडवून कविता म्हणत होती आणि सगळ्यांच्या वर शालूचा आवाज — मोठा, मोकळा. असा आवाज तिला आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

सुलोचनाबाई धावत आल्या. "मॅडम, काय चालू आहे हे?" मग माझ्याकडे वळल्या. माझा वर्ग शांत. जाताना म्हणाल्या, "राहू द्या सर, सातवी तुमच्याकडेच."

जिंकलो! घरी येईपर्यंत तरी तसंच वाटत होतं.

संध्याकाळी शालू काढा घेऊन आली. बोलणी खाल्ली होती, तरी खुशीत. मी कागदावर लिहून विचारलं, आज तुझ्या वर्गाला झालं काय?

"पोरं आज पह्यल्यांदा बोलले जी. रोज तुमचा आवाज एवढा येते, का माझं पह्यल्या बाकावरही ऐकू जात नाही. म्हणून बोलणंच सोडलं मी. पोरायले खुणाच शिकवल्या."

मग मला सांगितलं काहून नाही?

"तुमाले वाईट वाटलं असतं."

एवढं बोलून भांडी घासायला गेली. मी काढा प्यालो.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी अंगणातून गाय हाकलताना कळलं, आवाज परत आला आहे. शाळेत कोणाला सांगितलं नाही.