रोहिणीपेक्षा चित्रा गरम

आप्पा, आज वर्गात सगळ्यात आधी माझा हात वर गेला. घरी येऊन तास झाला तरी तेच डोक्यात आहे, म्हणून लिहायला बसलेय. टेलिफोन ऑफिसातून रिटायर झाल्यावर मी ठाण्याच्या एका कॉलेजात खगोलभौतिकीच्या पहिल्या पायरीच्या कोर्सला नाव घातलं. दर रविवारी सकाळी डोंबिवलीहून जाते. वर्गात सगळी विशीतली पोरं. पहिल्या दिवशी शिपायाने मला कुणाची तरी आई समजून बाहेरच्या बाकावर बसवलेलं. शिकवणाऱ्या मॅडम तुमच्या नातीपेक्षा, म्हणजे माझ्या लेकीपेक्षा, थोड्याच मोठ्या. गणित आलं की माझी त्रेधा उडते, पण एकही रविवार चुकवलेला नाही.

आज मॅडमनी फळ्यावर दोन तारे काढले. रोहिणी तांबूस, चित्रा निळसर पांढरी. यातला जास्त गरम कुठला, असं त्यांनी विचारलं. माझा हात वर होता, तोवर अर्धा वर्ग रोहिणी म्हणून ओरडला. गरम पाण्याच्या नळावर लाल ठिपका असतो, तेच डोक्यात. मी म्हटलं, चित्रा. लाल म्हणजे अजून कच्चं.

हा 'कच्चं' शब्द तुमचा. मी आठवीत होते. विज्ञानाच्या वहीत लिहिलेलं, लाल रंग सर्वात उष्ण. तुम्ही कारखान्यातल्या पहिल्या पाळीवरून येऊन जेवत होतात. वाकून वाचलंत आणि म्हणालात, "लाल म्हणजे कच्चं गं. पांढऱ्याकडे जातं तेव्हा खरं तापतं." मी फटकन बोलले, "तुम्ही चौथी शिकलेले, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" आईने कालथा आपटला, माझ्यावर धावून आली. तुम्ही उलट तिलाच गप्प केलंत.

पुढच्या शनिवारी मला मानपाड्याच्या कारखान्यात घेऊन गेलात. अंगात चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी राखून ठेवलेला पांढरा शर्ट. भट्टीपासून दहा पावलांवर मला उभं करता आणि दार उघडता. सळई बाहेर येते, काळपट तांबडी. "ही परत आत." मग नारिंगी. तीही परत आत. मग पिवळी, पांढऱ्याकडे झुकलेली, नुसतं बघून डोळे दिपतात. तुम्ही मान हलवता, वरून हातोडा पडतो आणि लोखंड कणकेसारखं दबतं. "बघितलंस?" मी बघितलेलं, आप्पा. सगळं कळलेलं. तरी म्हटलं, हे लोखंडाचं झालं, पुस्तकातलं वेगळं असतं. तुम्ही म्हणालात, "असेल." परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मला दिलीत. मी बारावीत असताना तुम्ही गेलात, तोवर आपण हा विषय पुन्हा काढला नाही.

आणि आज मॅडम म्हणाल्या, "भट्टीतली सळई असो नाहीतर आकाशातला तारा, रंगाचा नियम एकच." एकच, आप्पा! मला उठून उभं राहावंसं वाटलं. त्यांनी विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी. ते भट्टीवर होते." अख्खा वर्ग वळून बघायला लागला. मॅडमनी खडू माझ्या हातात दिला. मी तुमचे रंग ओळीने लिहिले आणि मॅडम एकेका रंगासमोर तारा लिहीत गेल्या. लाल, ज्येष्ठा. नारिंगी, रोहिणी. पिवळा, आपला सूर्य. पांढरा, व्याध. चित्रेच्या निळसर रंगापाशी तुमची ओळ संपली. मॅडम म्हणाल्या, तेवढं तापायच्या खूप आधीच लोखंडाची वाफ होते. म्हणजे तुमची ओळ जिथे थांबली तिथून पुढेही ती चालूच आहे, आणि मला ती अजून शिकायचीय! तास संपल्यावर पोरं थांबली, तुमच्याबद्दल विचारत होती. मी भरभरून सांगत राहिले. हातोडा, पाळ्या, हातावरचे चटके, सगळं.

आता खरं सांगते. लग्न ठरताना मी सासरी सांगितलेलं, आप्पा कारखान्यात सुपरवायझर होते. यांना अजून तेच माहीत आहे. आज दारातच यांना रोहिणी, चित्रा, खडू, सगळं एका दमात सांगून टाकलं. यांनी कौतुकाने विचारलं, "पण तुला गं हे कसं माहीत?"

मी म्हटलं, "वाचलेलं कुठेतरी." म्हणून ही वही साड्यांच्या खाली ठेवतेय.