उजवीकडचा बाण

२ जून
आली! मी कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदा. मामाच्या दुकानात, वेल्डिंगच्या सिलिंडरांमधून वाट काढत. माझ्या हातात पाना, कपाळावर ग्रीस. म्हणाली, “भडक्या, रसायनात राहिलेय. पंधरा तारखेला फेरपरीक्षा. वायूंचा समतोल डोक्यात शिरतच नाही. शिकवशील?”

भडक्या हे नाव तिनेच ठेवलेलं. प्रयोगशाळेत आमची जोडी होती तेव्हा. सर म्हणाले, बाहेर हो. मी म्हणालो, बाहेरच काय, परत येतच नाही! आणि परत गेलोच नाही. डोकंच असं. जोडीदार एकटी पडली, तेही मनात आलं नाही.

शिकवशील म्हणे! जीव मागितला असता तरी हो म्हटलं असतं.

५ जून
आज आंशिक दाब. पुस्तकातून कळेना म्हणाली, म्हणून मिश्र गॅसचा सिलिंडरच पुढे ओढला. आत कार्बन डायऑक्साइड आणि आर्गॉन. म्हटलं, काटा दाखवतो तो दोघांचा मिळून दाब, एकूण. एकाला बाहेर काढलं तर उरलेला एकटा जेवढा दाब देईल, तो त्याचा आंशिक. राहतात एकत्र, पण ढकलतो ज्याचा तो.

“म्हणजे एका घरातल्या जावा-जावा,” ती म्हणाली. हसून हसून मुरकुंडी!

मामा काउंटरवरून ओरडला, “ओ प्राध्यापक! गिऱ्हाईक ताटकळलंय. हवा नंतर शिकवा, आधी विका!”

कान तापले. ती नसती तर पानाच भिरकावला असता.

९ जून
समतोलाचा स्थिरांक. वर अमोनियाच्या आंशिक दाबाचा वर्ग. खाली नायट्रोजनचा दाब, गुणिले हायड्रोजनच्या दाबाचा घन. पटकन मांडलं तिने. जरा जास्तच पटकन. शिकवणारा कोण आहे शेवटी!

मग उगाच पानं चाळत म्हणाली, “पास झाले ना, की जाणार. लांब. पुढचं शिकायला जागा मिळालीय तिकडे.” आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हटलं, “छान.”

छान?? जीभ झडली कशी नाही माझी!

१० जून
पास झाली की जाणार. आणि पास मीच करतोय. आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घ्यायचा, वर विचारायचं — समजलं का?

११ जून
लिहायचं नाही म्हणत होतो. लिहितो.

तिला प्रश्न घातला. घट्ट बंद पात्र. आत नायट्रोजन, हायड्रोजन, अमोनिया, समतोलात. वरून आर्गॉन सोडला. समतोल कुठे सरकेल?

कुठेही नाही! आर्गॉन कुणाच्या अध्यात ना मध्यात. एकूण दाब चढतो, पण पात्र तेवढंच, म्हणून त्या तिघांचे आंशिक दाबही तेवढेच. सरकायला कारणच नाही. सरांचा लाडका प्रश्न. येतोच येतो.

रिकाम्या सिलिंडरवर खूण करायचा खडू असतो ना, तो घेतला तिने. समोरच्या सिलिंडरवर समीकरण लिहिलं आणि बाण काढला. उजवीकडे!

“दाब वाढला, म्हणजे अमोनिया वाढणार. बरोबर?”

तोंड उघडलं होतं मी. शपथ! नाही म्हणायलाच उघडलं होतं. आणि म्हणालो, “एकदम बरोबर.”

“नक्की?”

“नक्की.”

खडू ठेवला. हात झटकले. “चल, निघते.” उद्या येते, असं म्हणाली नाही. रोज म्हणते.

१३ जून
काल आली नाही. आज नाही.

१४ जून
नाहीच. तो सिलिंडर आज ट्रकवर चढला, भरायला गेला — बाणासकट! माझं खोटं रस्त्याने मिरवत गेलं, आणि मी इथे पावत्या फाडत उभा.

मामा म्हणाला, “दोन घास खा रे. असं तोंड करून बसलास तर गिऱ्हाइकाला वाटेल, गॅस गळतोय.” एरवी हसलो असतो. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतंय.

समज, झाली नापास. राहिली इथेच. मग काय, माझ्या शेजारी येऊन बसेल? ज्याने बुडवलं त्याच्या? फोन लावतोय, उचलत नाही. अभ्यास करत असेल. तोच उलटा बाण घोकत असेल!

उद्या पेपर. फाटकावर गाठणार. सगळं सांगणार. थोबाडीत मारली तरी चालेल, सगळ्यांसमोर मारली तरी चालेल. जा बाई. पास हो आणि जा!

१५ जून
फाटकाला कुलूप. शिपाई म्हणाला, “आज कसली परीक्षा? सुट्टी चालू आहे.”

तिच्या घरी धावलो. तिच्या ताईने दार उघडलं. “रसायनात राहिली? ती? अरे, वर्गात पहिली आलीय! जागा कधीचीच मिळाली होती, हीच जाऊ का नको करत बसलेली. रोज तुझ्या दुकानात काय काम काढायची कोण जाणे. चार दिवसांपूर्वी तिथूनच आली आणि मुकाट्याने बॅग भरायला घेतली. काल गेली. तुझा काही निरोप आहे का?”

निरोप! बाण चुकलाय, हा? तो काढतानाच तिला माहीत होतं. म्हणून तर विचारलं होतं, “नक्की?”