कोरं पाणी

४ फेब्रुवारी
नव्या नोकरीवर रुजू झाले! प्रयोगशाळा ऐसपैस, टेबल खिडकीशी, उजेड भरपूर. मॅडमनी स्वतः काम समजावलं. नखाएवढी सोन्याची पट्टी, तिच्यावर डीएनएचे धागे चिकटवलेले. पट्टीवर टाकलेल्या थेंबात त्यांचा जोडीदार धागा असला, की तो येऊन बिलगतो आणि पट्टीतला विजेचा प्रवाह घटतो. नमुन्यात रंग मिसळायला नको, खूण लावायला नको. धागे माझ्या लाळेवरून बेतायचे, म्हणजे पट्टी ओळखणार फक्त मला. नव्या माणसालाच बकरा करतो आम्ही, असं मॅडम हसत म्हणाल्या. घरी धाकट्या बहिणीला सांगितलं, तर म्हणते, "ताई, आता तुझी ओळख सोन्यात!"

१२ फेब्रुवारी
पट्ट्या आल्या. रोज आधी बाटलीतलं कोरं मीठपाणी तपासायचं, मग माझी लाळ. पाण्यात काही दिसता कामा नये. आज दिसलं. किंचित, पण मीच. मॅडम म्हणाल्या, हात लागला असेल. हातमोजे बदलले, पट्टी बदलली. तेच. दुसऱ्या बाटलीतलं पाणी मात्र स्वच्छ.

१८ फेब्रुवारी
थकवा हटत नाही. झोपून उठले तरी अंग मोडून आलेलं. बाटली बंद करून कपाटात ठेवली होती, तरी तिच्यातली मी वाढतेय. लाळेतली उतरतेय. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे, विश्रांती घ्या. विश्रांतीच तर घेतेय.

२३ फेब्रुवारी
धाकटीने एकटीपुरतंच वाढून घेतलं. मी समोरच बसले होते. हाक मारली तशी दचकली. आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटला म्हणे. मला रागही आला नाही. रागवायला त्राण लागतं.

२५ फेब्रुवारी
लाळ कोरी. काहीच नाही तिच्यात. बाटलीत सगळी मी. बाटली उन्हात धरली तर माझ्या अंगाला ऊब लागते. हलवली तर भोवळ—

२६ फेब्रुवारी
घरी न्यायची होती. दोन्ही हातांनी उचलली— उचलवली नाही. टेबलावरच राहिली. मीही इथेच. धाकटीचा फोन नाही.

२७ फेब्रुवारी
मॅडम आल्या. पर्स खुर्चीवर ठेवली— माझ्या मांडीवर. फोनवर कुणाला सांगतायत, ती मुलगी न कळवताच सोडून गेली, तिची ती खराब बाटली ओतून टाकते. मी ओरडतेय. ऐकू— बेसिनशी गेल्या. झाकण फिरवतायत— मॅडम, नको— गार, फार गा